जोर्वेची वाटी, मिसळीचा वाडगा: जुन्या घाटावरून नवं भांडं घडवण्याची रीत

‘पारंपरिक टच’ म्हणून स्टुडिओतून जो माल बाहेर पडतो, त्यात एक नमुना हटकून दिसतो. नेहमीचाच कॉफी मग, त्यावर फेर धरलेल्या वारली बायका, नाहीतर पैठणीचा मोर. मग कुठलाही असतो, मोर येवल्याचा असतो आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. चूक हात वाईट असल्यामुळे होत नाही, क्रम उलटा लागल्यामुळे होते. नक्षी आधी ठरते आणि भांडं नंतर.

खाली दिलेला क्रम असा आहे: वापर, घाट (भांड्याचा आकार), माती, आकुंचन, कोरे नमुने, ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा थर), भट्टी, चाचण्या आणि सगळ्यात शेवटी नक्षी. उदाहरण एकच धरलं आहे, जोर्वे काळातल्या (सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या) कोनदार वाटीवरून मिसळीचा वाडगा, आणि माती, हवा, बाजार नाशिकचे धरले आहेत. तुम्ही सुगड घ्या, रांजण घ्या, पायऱ्या त्याच राहतात.

तयारी

एक ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा, कॅलिपर, मापाचं भांडं, 80 आणि 100 मेशच्या (इंचाला तितकी छिद्रं असलेल्या) चाळण्या, तुमच्या तापमानाचे पायरोमेट्रिक कोन (ठराविक उष्णतेला वाकणारे छोटे सुळके), एन-95 मास्क आणि एक जाड वही. वही महत्त्वाची आहे. मोबाइलमधले ग्लेझचे फोटो तीन महिन्यांनी सगळे एकसारखेच दिसतात.

एका घाटाला दीड-दोन महिने धरा. माल संक्रांतीला हवा असेल तर गणपती उठले की कामाला लागा. दिवाळीनंतर सुरुवात करून संक्रांत गाठायला गेलात की चाचण्यांना कात्री लागते, आणि नेमकी तीच कात्री नंतर महागात पडते.

1. जुनं भांडं कोणतं काम करतं ते लिहून काढा

माठ पाणी गार करतो तो सच्छिद्र असतो म्हणून. पाणी भिंतीतून झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते आणि आतलं पाणी थंड होतं. त्यालाच आतून-बाहेरून ग्लेझ देऊन 1220 अंशांना भाजलात तर दिसायला देखणा, पण पाणी कोमटच ठेवणारा माठ मिळेल. मांडे भाजायचं खापर थेट जाळावर टिकतं, कारण त्याची माती भरड आणि कमी भाजलेली असते, अचानक आलेली उष्णता ती सोसते. घट्ट भाजलेलं स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजलेलं, पाणी फारसं न शोषणारं भांडं) गॅसवर ठेवलं की तडकतं.

म्हणून आधी दोन गट पाडा. ज्या भांड्याचं कामच मातीच्या सच्छिद्रपणावर किंवा भरडपणावर चालतं (माठ, खापर) ते टेराकोटातच राहू द्या, बदल फक्त मापात, झाकणात, बैठकीत करा. वाटी, सुगड, बोळकं, तोटीचं भांडं यांचं काम आकारावर चालतं. ती स्टोनवेअरमध्ये आणता येतात.

जोर्वेची वाटी दुसऱ्या गटातली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावावरून या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव पडलं. 1950-51 मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिक आणि जोर्वे इथे उत्खनन केलं. लालसर, चांगली भाजलेली भांडी, त्यावर काळ्या भौमितिक रेषा आणि वाटीच्या पोटाशी ठळक कोन, ही त्या भांड्यांची ओळख. मिसळीला हा कोन कामाचा आहे: खालच्या भागात रस्सा राहतो, वरच्या पसरट भागात फरसाण आणि कांदा, आणि चमचा फिरवताना तर्री काठावर येत नाही.

*तपासून पाहा:* ‘हे भांडं अमुक कामासाठी आहे आणि जुन्या भांड्यातली अमुक गोष्ट त्या कामाला लागते’ असं एक वाक्य लिहा. दुसरा अर्धा भाग लिहिताना ‘छान दिसतं’ एवढंच सुचत असेल, तर दुसरं भांडं निवडा.

2. नजरेने नको, मापाने उतरवा

वस्तू हातात मिळत असेल (सुगड, माठ, पणती) तर जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यातून दोन-तीन विकत घ्या. एक नमुना करवतीने उभा कापा. भिंत कुठे जाड, कुठे पातळ, बूड किती, काठ कसा वळवलाय हे बाहेरून कळत नाही. माठाचं पोट चाकावर तेवढं निघत नाही. चाकावरून उतरवल्यावर आतून गुंडा धरून बाहेरून थापीने ठोकत ते फुगवलेलं असतं. तो गोलवा चाकावर ओढून आणायला गेलात की पोट बसतं.

कारागिरांना फोटोच्या आधी प्रश्न विचारा. काठ इतका जाड का? राख किती घालता? आवा (कुंभाराची भट्टी) कसा रचता? आणि त्यांचा वेळ घेतलात तर त्याचे पैसे द्या. ‘जरा दाखवा ना काका’ म्हणून अर्धा दिवस फुकट बसून यायचं आणि मग त्यांचाच घाट दहापट किमतीला विकायचा, हे बरं दिसत नाही.

वस्तू संग्रहालयातली असेल तर उत्खनन अहवालातली रेखाटनं वापरा. अशा चित्रात मधोमध एक उभी रेघ असते, तिच्या एका बाजूला भिंतीचा छेद आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचं रूप. खाली मापपट्टी असते. नवखे लोक दोन्ही बाजू मिळून एकच चित्र समजतात आणि भिंत भलतीच जाड करून ठेवतात.

मग चार आकडे काढा: काठाचा व्यास, कोनाजवळचा व्यास, उंची आणि बुडापासून कोनाची उंची. भांड्याची ओळख या चारांच्या आपसातल्या प्रमाणात असते. आकार लहान-मोठा करा, प्रमाण शक्यतो हलवू नका.

एक बदल मात्र करावाच लागतो. जुनी भांडी बहुधा गोल बुडाची, चुंबळीवर किंवा मातीत रोवून ठेवायची. टेबलावर ती डुलतात. म्हणून बैठक द्या, पण आतून ट्रिम केलेली (तासलेली), कडेपासून थोडी मागे सरकवलेली. बाहेरून पोटाचा गोलवा तुटलेला दिसता कामा नये.

3. माती: इथली की बाजारची?

इथेच सगळ्यात जास्त माल वाया जातो, म्हणून जरा थांबून वाचा.

नाशिक परिसरातली काळी माती बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेली आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आक्रसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा तुम्ही पाहिल्याच असतील. नुसती काळी माती चाकावर घेतली तर भांडं वाळताना फाटतं. म्हणून कुंभार तीत पोयटा, राख, लीद मिसळतात. शिवाय तीत चुनखडीचे खडे असतात. भाजल्यावर त्यांचा कळीचा चुना होतो, हवेतला ओलावा शोषून तो फुगतो आणि महिनाभराने भांड्याचा टवका उडतो. तोवर भांडं गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेलं असतं.

तिसरी अडचण तापमानाची. या मातीत लोह आणि वितळायला मदत करणारे क्षार भरपूर असतात. 900 अंशांच्या आसपास ती सुंदर लाल भाजते, स्टोनवेअरच्या तापमानाला मात्र फुगते, बसते किंवा चक्क वितळते.

तेव्हा पर्याय तीन:

अ) टेराकोटाच करायचं असेल तर इथली माती. पातळ रबडी करून 80 मेशमधून गाळायची, पोयटा मिसळायचा, भाजल्यावर भांडी पाण्यात बुडवून निदान पंधरा दिवस बाजूला ठेवायची. टवके उडायचे तर तेव्हाच उडू देत.

आ) वापराची भांडी करायची तर बाजारची स्टोनवेअर माती. तिच्यातला बॉल क्ले (बारीक कणांची चिकट माती) बहुतेक वेळा बिकानेर किंवा थानगडकडचा असतो. म्हणून तुमचं भांडं नाशिकचं राहत नाही असं नाही, फक्त ‘गोदेच्या मातीचं’ अशी जाहिरात करू नका.

इ) बाजारच्या मातीत थोडी इथली. आधी 5 टक्के, मग 10, मग 15. रंग तपकिरी होत जातो आणि लोहाचे ठिपके येतात. यापुढे जायचं तर प्रत्येक पायरीला वेगळी चाचणी करा.

मिसळीच्या वाडग्यासाठी मी डोळे झाकून ‘आ’ घेईन, आणि इथली माती पायरी 6 मध्ये दुसऱ्या वाटेने आणीन.

> सावधान: अनोळखी मातीचा तुकडा थेट भट्टीच्या फळीवर ठेवू नका. बिस्क केलेल्या (ग्लेझ देण्याआधी एकदा भाजलेल्या) जुन्या बशीत ठेवा. वितळला तर बशी जाईल, फळी वाचेल. नदीपात्रातली माती गौण खनिजात मोडते, उचलण्याआधी तलाठी कार्यालयात विचारा.

*दोन चाचण्या, दोन्ही वहीत:* ओल्या मातीच्या पट्टीवर 100 मिलिमीटरची रेघ ओढा आणि पूर्ण भाजल्यावर मोजा. 88 भरली तर आकुंचन 12 टक्के. दुसरी, ग्लेझ नसलेला भाजलेला तुकडा कोरडा तोला, दोन तास उकळा, थंड होऊ द्या, पुसून पुन्हा तोला. 200 ग्रॅमचा 204 झाला तर 2 टक्के पाणी शोषलं. खाण्याच्या स्टोनवेअरला आकडा 2-3 च्या आत हवा. 5-6 येत असेल तर भट्टी कमी पडते आहे किंवा माती त्या तापमानाची नाही.

4. आकुंचनाचं गणित

तयार वाडगा 150 मिलिमीटरचा हवा आणि आकुंचन 12 टक्के, म्हणून बरेच जण 150 मध्ये 12 टक्के मिळवून 168 करतात. चुकतं. आकुंचन ओल्या मापावर मोजलेलं आहे, म्हणून 150 ला 0.88 ने भागायचं: 170.5. एका वाडग्यात अडीच मिलिमीटरने काही बिघडत नाही, झाकण असलेल्या सुगडात मात्र झाकण आत पडतं.

ओल्या मापाचा छेद काढून ॲक्रिलिक किंवा पत्र्याचा साचा कापून घ्या. अंबड-सातपूरमध्ये लेझर कटिंगवाले आहेत, चित्र दिलं की काम होतं. चाकावर भिंत वर काढून झाली की हा साचा बाहेरून टेकवायचा. कोन हाताने ‘अंदाजे’ काढला तर पहिल्या आणि दहाव्या वाडग्यात फरक पडतो आणि भांडी एकात एक बसत नाहीत. हॉटेलवाला पहिली तक्रार हीच करतो.

5. कोरे नमुने

ग्लेझ न देता तीन वाडगे करा. एक मूळ प्रमाणाचा, एक कोन थोडा खाली आणलेला, एक काठ जास्त पसरलेला. बिस्क झाले की रांगेत ठेवून लांबून बघा. ग्लेझचा रंग डोळ्यांना फसवतो, कोऱ्या मातीवर घाटातली चूक लपत नाही.

मग वापरून बघा. प्रत्येकात 400 मिलिलिटर पाणी ओता, दोन्ही हातांनी उचला, चमचा फिरवा. कोनाच्या आतल्या खाचेत चमचा अडकतो का? तिथे अन्न राहील, धुताना बोट पोचणार नाही. अडकत असेल तर आतला कोन बोथट करा, बाहेरचा तसाच ठेवा. जुन्याचा मान राखायचा म्हणून वापर गैरसोयीचा करण्यात अर्थ नाही.

वाळवण्याबद्दल: एप्रिल-मे महिन्यांत नाशकातली दुपारची हवा काठ तासाभरात कडक करते आणि बूड ओलंच राहतं. चीर जाते ती बरोबर कोनावर. ट्रिम केल्यावर भांडी उलटी ठेवा आणि पहिले दोन दिवस प्लास्टिकखाली. पावसाळ्यात उलट होतं. वर कोरडं दिसतं, बूड आतून दमट असतं आणि बिस्कमध्ये फुटतं.

*तपासून पाहा:* बूड गालाला लावा. गार लागलं तर अजून ओलं आहे, भट्टीत घालू नका.

6. इथलं रंगात आणा: बेसाल्ट, द्राक्षाची राख, तूस

भांडं बनवायला जी माती निकामी ठरली, ती ग्लेझ म्हणून कामाची ठरते. वितळते हाच तिचा गुण. नाशिकच्या आसपास मिळणाऱ्या तीन गोष्टी वापरून बघा:

खडी क्रशरवरची बेसाल्टची, म्हणजे काळ्या मातीच्याच मूळ खडकाची, बारीक पूड. 100 मेशमधून चाळलेली ही पूड 1280-1300 अंशांना एकटीच बऱ्यापैकी वितळते आणि तपकिरी-काळा रंग देते. 1220 ला तिला राख किंवा बोरॉन फ्रिटची (लवकर वितळणाऱ्या काचेच्या पुडीची) जोड लागते.

द्राक्षाच्या छाटणीच्या काड्यांची राख. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बांधावर ढीग पडलेले असतात. राखेत कॅल्शियम भरपूर, त्याने ग्लेझ वितळतं आणि वाहतं.

भाताच्या तुसाची राख. इगतपुरी, त्र्यंबककडे तूस सहज मिळतं. ही जवळजवळ सगळी सिलिका असते, वाहणाऱ्या ग्लेझला आवर घालते आणि दुधी झाक देते.

पद्धत अशी: बेसाल्ट आणि द्राक्षाच्या राखेच्या पट्ट्या 90:10 पासून 50:50 पर्यंत दहा-दहाच्या फरकाने करा. फरशा उभ्या ठेवून भाजा, खाली बशी. आडव्या फरशीवर कोणतंच ग्लेझ वाहताना दिसत नाही आणि मग भांड्यावरून थेट फळीवर उतरतं. पाचांतलं बरं वाटेल ते घ्या, त्यात तुसाची राख 5 टक्क्यांनी वाढवत न्या.

> सावधान: राखेचं पाणी हाताला चावतं, रबरी हातमोजे घाला. बेसाल्ट, तूस, क्वार्ट्झ यांची कोरडी धूळ फुप्फुसांत कायमची बसते. चाळताना मास्क घाला आणि खोली झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

> दुसरी सावधानता, आणि ही फारसं कोणी सांगत नाही: द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण फवारतात, त्यात मोरचूद असतो. काड्यांबरोबर तांबं राखेत येतं. लिंबू, आमसूल, ताक अशा आंबट पदार्थांत ते ग्लेझमधून उतरू शकतं.

म्हणून नियम पक्का ठेवा: आत बाजारचं, खाण्यासाठी योग्य असं प्रमाणित पारदर्शक किंवा पांढरं ग्लेझ, बाहेर इथलं. दोन्हींची सीमा काठाच्या थोडी खाली, बाहेरच्या बाजूला येऊ द्या, म्हणजे ओठ लागतात तिथेही आतलंच ग्लेझ राहील. जोर्वेच्या वाटीवर हे शोभतंही. बाहेर मॅट तांबूस-काळं, आत स्वच्छ पांढरं आणि त्यात लाल तर्री.

7. भट्टी

बिस्क: 100 अंशांखाली झाकण किंचित उघडं ठेवून चांगलं वाळू द्या, घाई असेल तर त्या दिवशी भट्टी लावूच नका. 600 पर्यंत ताशी 60-80 अंश, पुढे ताशी 100-150, शेवट 950-1000 ला. 573 अंशांना क्वार्ट्झचं आकारमान एकदम बदलतं, म्हणून चढताना आणि उतरताना त्या टप्प्यात घाई नको.

ग्लेझ: कंट्रोलरच्या आकड्यापेक्षा पायरोमेट्रिक कोनावर विश्वास ठेवा, असे कोन वरच्या आणि खालच्या दोन्ही फळ्यांवर ठेवा. वीज गेली तर भट्टी उघडू नका. वीज आल्यावर पुढे चालू करा आणि शेवट कोन वाकल्यावरच. काळ्या रेषांसाठी मँगनीज वापरत असाल तर भट्टी चालू असताना त्या खोलीत बसू नका, धूर विषारी असतो. भट्टी 100 अंशांच्या खाली आल्यावरच उघडा. दीडशेला डोकावणारे बरेच असतात, आणि त्यांच्याकडे तडकलेल्या भांड्यांचाही बऱ्यापैकी संग्रह असतो.

8. विकण्याआधीच्या चाचण्या

लिंबू: कापलेली फोड ग्लेझवर रात्रभर. सकाळी रंग किंवा चमक बदललेली दिसली तर ते ग्लेझ खाण्याच्या बाजूला चालणार नाही. मात्र लिंबात पास झालं म्हणजे शिसं-कॅडमियम नाही असं सिद्ध होत नाही. त्यासाठी 4 टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये 24 तास ठेवून प्रयोगशाळेत मोजणी करतात. हॉटेलला पुरवठा करायचा असेल तर ती करून अहवाल जवळ ठेवा.

उष्णता: वाडगा फ्रीजरमध्ये तासभर, मग सिंकमध्ये ठेवून उकळतं पाणी. वेफरसारखा टक आवाज आला किंवा ग्लेझवर बारीक भेगांची जाळी पडली, तर ग्लेझ आणि माती एकमेकांना मानवत नाहीत. तीन-चार वेळा करा, पहिल्याच वेळी सगळं कळत नाही.

तर्री: घरची खरी, तेलकट, हळद-मिरचीची. रात्रभर भरून ठेवा, सकाळी साबणाने धुवा. जाळी पडलेल्या ग्लेझमध्ये हळदीच्या पिवळ्या रेषा उमटतात आणि मग निघत नाहीत. आतून मॅट ग्लेझ देण्याचा मोह इथेच संपतो.

रचणं: सहा वाडगे एकात एक, वरून हलकेच दाबा. बैठकीचा कडा खालच्या वाडग्याच्या ग्लेझवर ओरखडे काढत असेल तर तो बारीक डायमंड पॅडने घासून घ्या.

9. नक्षी, नाव, लेबल

आता नक्षी. ती ठरते शेवटी, काढायची मात्र भट्टीआधी. जोर्वेच्या भांड्यांवरच्या तिरक्या रेषा, जाळी, शंकरपाळे हे सगळं कोनाच्या वरच्या पट्ट्यात बसतं, कारण तो पट्टा चित्रासाठीच मोकळा असल्यासारखा आहे. एकच पट्टा घ्या, एकच रंग. भांडं चाकावर ठेवून ब्रशने रेषा काढा, स्टेन्सिलने त्या मेल्यासारख्या दिसतात.

वारली हवीच असेल तर वारली चित्रकाराला काम द्या, मोबदला ठरवा, नाव लेबलवर टाका. या चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. स्वतः काढून ‘वारली’ म्हणून विकू नका. 2027 च्या सिंहस्थासाठी घाईघाईने कलश-त्रिशूळ छापलेले मग काढायचा विचार असेल, तर पायरी 1 मधलं वाक्य आधी लिहून बघा.

थापीचा घाट कुंभाराकडून शिकलात किंवा पोट त्यांच्याकडून घडवून घेतलंत, तर दर नगावर ठरवा आणि कागदावर लिहा. तोंडी ठरलेलं दुसऱ्या ऑर्डरला दोघांनाही वेगळं आठवतं.

लेबलवर एवढं पुरे: माती कोणती, कुठल्या तापमानाला भाजली, आतलं ग्लेझ खाण्यासाठी योग्य आहे का, मायक्रोवेव्ह चालतो का आणि थेट गॅसवर ठेवू नये. ‘पाच हजार वर्षांची परंपरा’ लिहू नका. जोर्वे संस्कृतीचा काळ साधारण इ. स. पू. 1400 ते 700 चा आहे, आणि विचारणारं गिऱ्हाईक नाशकात भेटतंच.

पहिल्या खेपेतले बारीक दोष असलेले वाडगे वेगळे काढून कमी दरात विका, पण दोष सांगून. आतल्या ग्लेझला जाळी पडलेली असेल ते मात्र विकू नका. त्यात कोथिंबीर लावा.